पोरीच्या गाडीला गार्ड नाही

माझ्या हातचं लोखंडी गार्ड ज्या गाडीच्या नाकावर आहे ती आमच्या भागात लांबून ओळखू येते. हे मी फुशारकीनं सांगतो, आणि मला फुशारकी मारायला आवडते हेही आधीच कबूल करून टाकतो. बुलढाण्याहून देऊळघाटकडे निघालं की रस्त्याला लागून माझं वेल्डिंगचं दुकान आहे. पत्र्याचं शेड, पुढं कडुलिंब, आणि कडुलिंबाखाली कायम दोन-तीन पिकअप माझ्याकडं नाक करून उभ्या. तीस वर्षं मी त्या नाकांवर लोखंड चढवलं. दोन इंची जाड पाइप, मधे तीन उभे दांडे, खाली पट्टी, आणि सगळं थेट चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या टोकांना बोल्ट मारून पक्कं केलेलं. लोक म्हणायचे, "या भाऊचं गार्ड लावलं तं झाड पडंल, गाडी नाई." मी वरून "काहीतरीच" म्हणायचो आणि दिवसभर खूष असायचो.

आमच्याकडं शोरूममधून निघालेली पिकअप आधी घरी जात नाही, माझ्या दुकानी येते. गार्ड चढलं की मग पूजा. कोणाच्यात नारळ फुटतो, आमच्या वस्तीतली गाडी असली तर विहारापुढं हार आणि त्रिशरण. उघड्या नाकाची गाडी तिथं न्यायची नाही असा रिवाजच पडला आहे. तो कोणी पाडला हे मला चांगलं माहीत आहे, कारण लोकांच्या मनात भरवून देणारा मीच होतो. असलं लोखंड पुढं लावायला कायद्यानं मनाई आहे, तेही मला माहीत होतं. आरटीओ साहेबाची गाडी दिसली की मी शेडचं दार ओढून घ्यायचो आणि गिऱ्हाइकाला आत चहा द्यायचो.

माझं खरं नाव झालं ते एका बाभळीमुळं. माझा एक दोस्त आहे, लहानपणापासूनचा. तो तेव्हा पिकअप चालवायचा आणि मी बनवलेलं अगदी पहिल्या खेपेचं गार्ड त्याच्याच गाडीला होतं. एका दुपारी वासरू आडवं आलं, त्यानं स्टिअरिंग ओढलं आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या बाभळीवर गेली. बाभूळ कलली. गार्ड मात्र बोटभर वाकलं, बाकी काही नाही. दिवेसुद्धा शाबूत. पंचक्रोशीतले ड्रायव्हर ते पाहायला आले, गार्डवर हात फिरवून गेले, आणि मी सगळ्यांना चहा पाजला. पुढच्या महिनाभरात मला जेवायला फुरसत नव्हती. दोस्त त्या वेळी बुलढाण्याच्या दवाखान्यात होता. स्टिअरिंग छातीत बसून त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. तो बरा झाला, पण एका अंगानं वाकडाच राहिला आणि त्यानं परत गाडी हाती घेतली नाही. आता भावाच्या पिठाच्या गिरणीवर बसतो. बाभळीची गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली असेल. शेवटी म्हणायचो, "गाडी वाचली, आणि माणूसही वाचला."

आता माझ्या पोरीबद्दल. तिनं बुलढाण्यात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पुण्याकडं एका कारखान्यात सुटे भाग तपासायची नोकरी केली, आणि दीड वर्षात परत आली. म्हणाली, तिथं दिवसभर नुसते बोल्ट पाहायचे, गाडी कुठं जाते ते दिसतच नाही. मग तिनं जुनी पिकअप घेतली आणि देऊळघाटची वांगी, मेथी, टमाटे घेऊन राजूर घाट उतरून नांदुऱ्याला, वडनेर भोलजीला जायला लागली. घाटात ती दुसऱ्या गिअरवर गाडी अशी उतरवते की मागच्या कॅरेटमधलं टमाटं हलत नाही. हे मी बापाच्या मायेनं म्हणत नाही. मी शेजारी बसून पाहिलं आहे, आणि मला कोणाचं ड्रायव्हिंग सहसा पसंत पडत नाही.

जुनी गाडी थकल्यावर तिनं नवी घ्यायचं ठरवलं. त्याच कंपनीचं, पण नव्या रूपात आलेलं मॉडेल. नाक जुन्यापेक्षा लांब, ड्रायव्हरपुढं एअरबॅग. घेण्याआधी ती मोबाईलवर एकच प्रकार पाहत बसायची. परदेशात नव्या रूपातल्या पिकअप भिंतीवर आदळून तपासतात, त्याचे व्हिडिओ. आत माणसाच्या मापाच्या बाहुल्या बसवलेल्या. कोणत्या बाहुलीला किती लागलं ते मोजून गाडीला तारे देतात.

मी म्हणालो, "वांग्याच्या गाडीले तारे कायले पाह्यजे?"

"वांग्याले नाई, बाबा. वांग्याच्या पुढं मी बसतो ना," ती म्हणाली. "अन् आपल्या मालाच्या गाड्यायले कोणी तारे दिलेले मले तरी नाई सापडले. म्हून आपणच पाहून घ्या लागते."

मी ते कानाआड केलं, कारण मी माझ्या कामात गढलो होतो. आठ दिवस गिऱ्हाइकांना थांबवून मी तिच्यासाठी गार्ड केलं. उभ्या जन्मात तसं केलं नव्हतं. पाइपाला हातानं बाक दिला, एकेक जोड घासून असा गुळगुळीत केला की बोट फिरवलं तर कळू नये, आणि मधोमध पत्र्याचं पिंपळपान कापून बसवलं. त्याच्या शिरासुद्धा काढल्या.

ती नवी गाडी घेऊन आली तेव्हा कडुलिंबाखाली वीसेक माणसं जमली होती. मी गार्डवरचं पोतं ओढलं. सगळे वा वा म्हणाले. पोरीनं पिंपळपानावर बराच वेळ हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, लय सुंदर झालं. पण हे मी गाडीले नाई लावणार."

"काऊन?"

"नाकानं मोडलं पाह्यजे, बाबा. गार्डनं ते मोडत नाई."

माझं डोकं फिरलं. "तीस वर्सं मी गाड्या वाचवून राह्यलो, अन् तू मले मोडायचं शिकवतं?" मी वीस माणसांसमोर ओरडलो. "मंग माह्या दुकानापुढं उभी नको करू गाडी!"

तिनं गाडी मागं घेतली आणि तशीच, उघड्या नाकाची, विहारापुढं नेऊन उभी केली. हार घातला. मी गेलो नाही. वेल्डरच्याच पोरीची गाडी गार्डविना, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आठवडाभर आम्ही बायकोमार्फत बोललो. "तुह्या पोरीले सांग," मी म्हणायचो. "सांगितलं, ती इथंच बसून हाय," बायको म्हणायची.

मग एका सकाळी पोरीनं गाडी आणून कडुलिंबाखाली लावली. मागच्या हौद्यावर कॅरेट बांधायला लोखंडी जाळी हवी होती. "जाळी तुमीच मारा, बाबा. दुसऱ्याच्या हातची मले नाई चालत," म्हणाली आणि कागदांच्या कामाला बुलढाण्याला गेली. एवढ्यावर मी विरघळलो. माझं असंच आहे.

जाळी झाल्यावर मी सवयीनं गाडीच्या खाली सरकलो. नवी गाडी आली की मी आधी खालून पाहतो. आणि पाहतो तर काय, पुढच्या दोन्ही लांब चासी-पट्ट्यांवर ठरावीक अंतरानं खाचा. दाबून आत घातलेल्या. जिथं लोखंड सगळ्यात दणकट हवं, नेमकं तिथंच त्याचा कणा मऊ केलेला. मी कंपनीला आडवंतिडवं बोललो. इतकं लांब नाक दिलं आणि आतून हे असं पोकळ काम! पैसा वाचवायचा आणि पोरांचे जीव धोक्यात घालायचे, असं माझ्या मनात आलं. इतर कोणाला त्या खाचा दिसल्याही नसत्या. मला दिसल्या, आणि त्या भरून काढायची अक्कलही फक्त मलाच सुचली.

मी तीन सूत जाडीची पट्टी कापली आणि दोन्ही बाजूंना त्या खाचांवरून बसवली. उताणं पडून, चेहऱ्यावर ठिणग्या झेलत, एका दमात वेल्ड ओढला. इतकी सरळ ओळ मी कधी ओढली नसेल. वर काळा रंग मारला. पोरीला सांगायचं नाही असं ठरवलं. गार्ड नको म्हणाली ना, मग बापानं आतून बंदोबस्त केला. त्या दुपारी मी एकटाच हसत चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी नव्या गाडीची पहिली मोठी खेप होती. कडुलिंबाखालीच माल भरला. शेतकरी आपापली कॅरेट ठेवून उभे होते. बायकोची बहीण वडनेर भोलजीला असते, म्हणून बायकोही चांगलं लुगडं नेसून पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. निघायच्या आधी पोरगी भाकरी खायला माझ्याजवळ बसली आणि तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला.

"एकदाच पाहा, बाबा. तुमी लोखंडाचे माणूस. तुमाले माह्यापेक्षा जास्त समजंल."

असं कोणी म्हटलं की मी नाही म्हणू शकत नाही. व्हिडिओ अगदी सावकाश चालवलेला होता. आधी जुनं मॉडेल. गाडी भिंतीवर आली, थांबली, नाक फार मोडलं नाही. मी म्हणणार होतो, बघ, दणकट आहे. तेवढ्यात ती म्हणाली, "नाक नका पाहू. बाहुलीची छाती पाहा." स्टिअरिंग मागं सरकून बाहुलीच्या छातीत घुसलं होतं. बाहुली एका अंगानं वाकडी झाली. मला पुढचं काही क्षण दिसलं नाही. मला माझा दोस्त दिसला, गिरणीवर बसलेला.

मग नव्या रूपातली गाडी आली. हा देखावा खालून घेतलेला होता. चासीच्या त्या लांब पट्ट्यांवर तशाच खाचा. गाडी भिंतीला लागली आणि पट्टी पहिल्या खाचेत दुमडली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. घडीची खुर्ची मिटावी तशी क्रमानं. सगळा मार त्या घड्यांनी खाल्ला. केबिन जागच्या जागी, बाहुली एअरबॅगच्या फुगलेल्या पिशवीवर डोकं टेकवून बसलेली. माझ्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. खाच कशाला असते हे मला तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि ती कोणी बुजवली हे मला एकट्याला माहीत होतं.

"समजलं ना?" पोरीनं विचारलं. मी मान हलवली. तिनं हात धुतले, किल्ली घेतली.

मी एक मिनिट गप्प बसलो. ते मिनिट मला अजून आवडत नाही. माझ्या मनात आलं, एवढ्या लोकांत कशाला, घाट उतरून परत आली की सांगू. रोजच कुठं गाड्या आदळतात! आज गाडी जाऊ दे, उद्या गुपचूप काढून टाकू. असा सगळा हिशेब मी केला. केबिनमध्ये बायको खिडकीची काच वरखाली करून पाहत होती, नव्या गाडीचं कौतुक म्हणून. गाडी चालू झाली आणि मी उठून तिच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"माल उतरवा," मी म्हणालो.

"काय झालं, बाबा?"

"म्या काल खालून पट्ट्या मारल्या. त्या खाचा बुजवल्या म्या. मले वाटलं, कंपनीनं खोट ठेवली."

एक शेतकरी हसला, मग कोणीच हसलं नाही. बायको खाली उतरली. पोरगी बॅटरी घेऊन गाडीखाली सरकली. मला फक्त तिचे पाय दिसत होते. बराच वेळ लागला तिला. मी तिथं उभा होतो आणि वाटत होतं की हिनं आता चारचौघांत मला बोलून घ्यावं, तेवढं तरी व्हावं.

ती बाहेर आली. केसांत माती. माझ्याकडं पाहून म्हणाली, "वेल्ड लय सरळ ओढला, बाबा."

मी म्हणालो, "ग्राइंडरनं काढून भागत नाई. आच लागली की लोखंड पह्यल्यासारखं राहत नाई." हे मला तिनं सांगायची गरज नव्हती. तेवढं मला येतं.

"तं मंग भाग बदलू," ती म्हणाली. "बरं झालं, आत्ताच बोलले." आणि तिनं दुसऱ्या पिकअपवाल्याला फोन लावला. मी सगळी कॅरेट माझ्या हातानं या गाडीतून त्या गाडीत वाहिली. कोणाला हात लावू दिला नाही. ती दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला बांधणी दाखवत होती तेव्हा मला रडू आलं. लाज होती, पण त्यापेक्षा जास्त काहीतरी दुसरं होतं. ही पोरगी माझी आहे, एवढंच सारखं मनात येत होतं.

वर्कशॉपमध्ये मिस्त्री खाली गेला आणि तिथूनच ओरडला, "हे वेल्डिंग कोण्या गाढवानं मारलं?" पोरीनं तोंड उघडण्याच्या आत मी म्हणालो, "म्या." तो चपापला. मी त्याला म्हटलं, "गाढव बरोबर हाय. पण वेल्ड पाह्य, कुठं भोक सापडलं तं सांग." पोरीनं तोंड दुसरीकडं वळवलं. हसत असणार.

नवीन भाग यायला काही आठवडे लागणार होते, तोवर गाडी माझ्या दुकानापुढंच उभी होती. तेवढ्यात मला एक काम करायचं होतं आणि ते रोज उद्यावर ढकलत होतो. शेवटी एका सकाळी गिरणीवर गेलो. दोस्त जात्याचा पट्टा बसवत होता. मी त्याला पोरीच्या मोबाईलमधलं सगळं सांगितलं, बाहुलीचं, छातीचं, खाचांचं. मग म्हणालो, "तुह्या बरगड्या बाभळीनं नाई मोडल्या. माह्या गार्डनं मोडल्या. गाडीनं खायचा मार तुले भेटला."

त्यानं पट्टा बसवून घेतला. हात झटकले. "त्या दिवशी तू लोकायले चहा पाजला होता म्हणे," तो म्हणाला. "मले दवाखान्यात सांगितलं कोणी तरी."

"हाव," मी म्हणालो.

"मले मात्र नाई पाजला."

त्यानं स्वतःच समोरच्या टपरीवरून दोन कप मागवले आणि आम्ही गिरणीच्या दारात बसून ते प्यायलो. पैसे मी द्यायला गेलो तर त्यानं हात धरला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही.

घरी आल्यावर मी ते पोतं टाकलेलं गार्ड बाहेर काढलं आणि कापलं. त्याच्या पाइपांनी गाडीच्या हौद्यावरची जाळी मजबूत केली, केबिनच्या मागं, जिथं लोखंड दणकट असायलाच हवं, म्हणजे कॅरेट पुढं घसरून माणसाच्या पाठीत बसू नयेत. पिंपळपान त्या जाळीच्या मधोमध लावलं. पोरगी म्हणाली, "हे लागतच होतं." दुकानातल्या बाकी तयार गार्डांची मी गेटं केली. अजूनही नवी गाडी आधी माझ्याकडंच येते. मी मालकाला सोबत खाली सरकवतो, बॅटरीच्या उजेडात खाचा दाखवतो आणि सांगतो, यांना कोणालाही हात लावू देऊ नको, माझ्यासारख्याला तर मुळीच नको. काही जण रागावून दुसऱ्या वेल्डरकडं जातात. जाऊ द्या.

भाग बदलून गाडी परत आल्यावर पहिल्या खेपेच्या दिवशी कडुलिंबाखाली पुन्हा गर्दी झाली. त्यात एक नवा पिकअपवाला होता, माझ्या गार्डची कीर्ती ऐकून लांबून आलेला. मी नाही म्हटल्यावर तो चिडला होता. त्यानं पोरीच्या गाडीचं नाक पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "काय भाऊ, सोताच्या पोरीच्या गाडीलेही गार्ड नाई? काऊन?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण उत्तर माझ्या मागून आलं. दोस्त गिरणीवरून आला होता. सदऱ्यावर पीठ तसंच.

"आत माणूस बसते बे, म्हून," तो म्हणाला.

मग तो पोरीला म्हणाला, "मोताळ्यापर्यंत नेतं का मले, बाई?" बाभळीनंतर तो कधी गाडीत पुढं बसला नव्हता, एसटीतसुद्धा मागची सीट धरायचा. पोरीनं दार उघडलं. तो वाकड्या अंगानं हळूहळू चढला. बेल्ट त्याच्या हाताला येईना, तेव्हा तिनं वाकून तो त्याच्या छातीवरून ओढून घेतला, दुखरी बाजू सांभाळत, आणि खालच्या कुलपात बसवला. त्यानं खिडकीतून मला हात केला.

गाडी घाटाच्या दिशेनं निघाली. पुढं काही नाही, मागं पिंपळपान. तो चिडलेला पिकअपवाला तिच्याकडंच पाहत होता. गाडी कोणाची आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, तरी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "माह्या पोरीची हाय."